सदस्यत्व मिळाले, नाका तोच राहिला : काँगोचा पूर्व आफ्रिकी समुदायातील प्रवेश आणि भोसरीतील एक यंत्र-उत्पादक

पार्श्वभूमी

भोसरीच्या एमआयडीसीत धान्य दळण्याची यंत्रे बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत आणि यंत्रांच्या संख्या थोड्या बदलल्या आहेत. थोरले भागीदार उत्पादन पाहतात. कामगारांपासून बँकेच्या शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळे त्यांना काका म्हणतात. निर्यातीची बाजू त्यांचा पुतण्या सांभाळतो. निर्यातीची कागदपत्रे आणि करारांच्या अटी यांबाबत मी या कारखान्याला सल्ला देतो, त्यामुळे पुढील हकिगतीत जिथे चूक झाली तिथे तिचा काही वाटा माझाही आहे.

कारखान्याचे मुख्य उत्पादन म्हणजे डिझेल इंजिनावर चालणारी हॅमर मिल. आपल्याकडच्या पिठाच्या गिरणीत दोन दगडांमध्ये दाणा दळला जातो. हॅमर मिलमध्ये वेगाने फिरणारे पोलादी हातोडे त्याचा चुरा करतात आणि तो चुरा खालच्या जाळीतून गाळून बाहेर पडतो. जाळीची भोके जितकी लहान, तितके पीठ बारीक. पूर्व आफ्रिकेत मक्याचे पीठ हे रोजचे अन्न असल्याने युगांडा आणि रवांडा येथे या यंत्राला बऱ्याच वर्षांपासून मागणी होती. माल न्हावा शेव्याहून दार-एस-सलामला आणि तेथून ट्रकने किगालीला जात असे. किगालीचा वितरक जुना, व्यवहाराला चोख आणि हिंदी उत्तम बोलणारा होता.

हे देश ज्या गटात आहेत तो पूर्व आफ्रिकी समुदाय १९६७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी स्थापन केला होता आणि दहा वर्षांत तो मोडलाही. १९९९ च्या करारानंतर २००० मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मुख्यालय टांझानियातील अरुशा येथे आहे. २००५ पासून सीमाशुल्क संघ आणि २०१० पासून सामायिक बाजारपेठ, अशा पायऱ्या त्याने चढल्या. रवांडा आणि बुरुंडी २००७ मध्ये, तर दक्षिण सुदान २०१६ मध्ये सदस्य झाले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने, म्हणजे किन्शासा ज्याची राजधानी आहे त्या मोठ्या काँगोने, २०१९ मध्ये अर्ज केला. २९ मार्च २०२२ रोजी राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेने तो मान्य केला, ८ एप्रिलला नैरोबीत प्रवेश-करारावर सह्या झाल्या आणि ११ जुलै २०२२ रोजी अनुसमर्थनाचे कागद अरुशात दाखल होऊन काँगो समुदायाचा सातवा सदस्य झाला.

या प्रवेशामागची दोन्ही बाजूंची गरज खरी होती. काँगोचा अटलांटिक किनारा जेमतेम चाळीस किलोमीटरचा आहे आणि देशाचा पूर्व भाग राजधानीपासून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. गोमा, बुकावू, बुनिया ही शहरे कित्येक वर्षे मोंबासा आणि दार-एस-सलामच्या बंदरांवरच जगत आली आहेत. समुदायाच्या दृष्टीने पाहिले तर नऊ-दहा कोटींची नवी बाजारपेठ, तांबे आणि कोबाल्टच्या खाणी आणि हिंदी महासागरापासून अटलांटिकपर्यंत पोहोचणारा भूभाग एकाच सहीने आत येत होता. केनियाच्या बँकांनी तर सहीचीही वाट पाहिली नव्हती. इक्विटी समूहाने २०२० मध्येच काँगोतील एका जुन्या बँकेचा ताबा घेतला होता आणि २०२२ संपता संपता केसीबीनेही तेथे एक बँक विकत घेतली.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्ट २०२२ मध्ये किगालीच्या वितरकाचा प्रस्ताव आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: काँगो आता आपल्यातच आला आहे, गोमा किगालीहून एका दिवसाच्या वाटेवर आहे, तेव्हा अठ्ठेचाळीस यंत्रांचा साठा उधारीवर किगालीत पाठवा, तिथून पूर्व काँगोत शुल्काविना माल जाईल आणि चिनी यंत्रे येण्याआधी बाजार आपल्या हातात असेल. शेवटचे वाक्य पुतण्याच्या मनात घर करून बसले. त्याने कारखान्याच्या फळ्यावर पूर्व आफ्रिकेचा नकाशा लावला आणि गोम्याभोवती लाल खूण केली.

काकांचा पहिला प्रतिसाद ‘बाजारात तुरी’ एवढाच होता. नंतर त्यांनी मला बोलावून जे विचारले ते अधिक नेमके होते. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. गाव हद्दीत आल्याची अधिसूचना एका दिवसात निघते, पण जलवाहिनीला आराखडा, निविदा, खोदाई, चाचणी हे सगळे लागते. ‘‘काँगोचं हे अधिसूचनेपर्यंत आलंय की नळापर्यंत, तेवढं मला सांगा,’’ असे ते म्हणाले.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समोर आले ते प्रस्तावाच्या चित्रापेक्षा बरेच वेगळे होते. समुदायाचा सदस्य होणे आणि त्याच्या सीमाशुल्क संघाचे नियम आपल्या नाक्यांवर लागू करणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बाहेरून येणाऱ्या मालावर समुदायाचे एक सामायिक दरपत्रक असते. त्यात कच्चा माल आणि भांडवली यंत्रसामग्री शून्य टक्क्यावर, अर्धप्रक्रिया केलेला माल दहा टक्क्यांवर, तयार माल पंचवीस टक्क्यांवर आहे आणि काही निवडक मालासाठी जुलै २०२२ पासून पस्तीस टक्क्यांचा चौथा टप्पा आला आहे. नव्या सदस्याने हे दरपत्रक स्वीकारायचे, आपले कायदे त्याच्याशी जुळवायचे आणि आपली संगणकीय यंत्रणा इतरांच्या यंत्रणेशी जोडायची, तेव्हा कुठे एका देशात शुल्क भरून आत आलेला माल दुसऱ्या देशात पुन्हा शुल्क न भरता फिरू शकतो. काँगोत यातील पहिली पायरीही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. शिवाय काँगो हा कोमेसा आणि साडेक या दोन अन्य प्रादेशिक गटांचा जुना सदस्य होता, त्याचे कायदे फ्रेंच भाषेत आणि बेल्जियन परंपरेतले होते, तर समुदायातील बहुतेक जुन्या सदस्यांची कागदपत्रे इंग्रजीत आणि ब्रिटिश धाटणीची होती.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. आमची हॅमर मिल भांडवली यंत्रात मोडत असल्याने समुदायात तिच्यावर मुळातच शून्य शुल्क होते. म्हणजे शुल्क वाचल्याने जो फायदा होणार असे वितरक सांगत होता, तो सगळा काँगोच्या बाजूच्या नाक्यावर अवलंबून होता, आणि त्या नाक्यावर काहीही बदललेले नव्हते. इथेच घोडे पेंड खात होते.

राजकीय बाजू तर वर्तमानपत्रात रोज दिसत होती. सही होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मे २०२२ मध्ये, काँगोने रवांडाच्या विमानकंपनीची उड्डाणे थांबवली. जूनमध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने युगांडाच्या सीमेवरचे बुनागाना हे गाव घेतले. या गटामागे रवांडा आहे असा काँगोचा आरोप होता, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही तसे पुरावे मांडले आणि रवांडाने ते सातत्याने नाकारले. नव्या सदस्याचे एका जुन्या सदस्याशी असे वाकडे होते. समुदायात शिखर परिषदेचे निर्णय एकमताने होतात, त्यामुळे दोन सदस्य एकमेकांसमोर उभे ठाकले की सगळे यंत्र अडते. आमचा साठा ठेवायचा होता तो याच दोघांतील एका देशात, दुसऱ्या देशातील गिऱ्हाइकांसाठी.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय होता काहीच न बदलण्याचा. वितरकाने नेहमीप्रमाणे आगाऊ रक्कम भरून माल घ्यावा आणि तो गोम्याला विकायचा की आणखी कुठे हे त्याचे त्याने पाहावे. जोखीम जवळजवळ शून्य. पण वितरकाच्या म्हणण्यात तथ्य असेल, तर दुसऱ्या कोणाची यंत्रे आधी पोहोचणार हेही तितकेच खरे. काका मनाने याच पर्यायाच्या बाजूला होते.

दुसरा पर्याय प्रस्ताव होता तसा स्वीकारण्याचा. यावर फार वेळ गेला नाही. निर्यातीची रक्कम नऊ महिन्यांत भारतात यायला हवी हा तेव्हाचा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. अठ्ठेचाळीस यंत्रे नऊ महिन्यांत एका नव्या, अशांत बाजारात खपतील यावर पुतण्यालाही छातीठोकपणे होय म्हणता आले नाही.

तिसरा पर्याय पुतण्याचा आवडता होता: यंत्रे सुट्या भागांत पाठवायची आणि किगालीत जोडायची. यात एक निर्विवाद लाभ होता. जोडलेले यंत्र म्हणजे होपर, नळी आणि सांगाडा यांच्यामधली सगळी पोकळी घेऊन प्रवास करते. भाग सुटे करून एकात एक बसवले तर वीस फुटी कंटेनरमध्ये जवळपास दुप्पट यंत्रे मावतात. पुतण्याची कल्पना याहून पुढची होती. किगालीत जोडलेले यंत्र रवांडाचे ठरेल, रवांडा आणि काँगो एकाच गटात असल्याने ते यंत्र गटातलेच समजले जाईल आणि पुढेमागे काँगोचा नाका खुला झाला की भारतीय मालाला जे मिळणार नाही ते आपल्या यंत्राला मिळेल, असा त्याचा हिशेब होता.

चौथा पर्याय होता किगालीच्या बाँडेड गोदामात थोडा माल ठेवण्याचा. अशा गोदामातला माल रवांडात आयात झाला असे मानले जात नाही. तो पुढे काँगोला निघाला तर पारगमनाचा माल म्हणून जातो आणि रवांडात विकला तर त्या वेळी तेथील कर भरले जातात. मालकी कारखान्याची राहते, भाडे मात्र महिन्याला चालू होते.

पाचव्या पर्यायाकडे आम्ही तेव्हा जेमतेम पाहिले. काँगोचा दक्षिणेकडील खाणपट्टा, म्हणजे लुबुम्बाशी आणि आसपासचा प्रदेश, दार-एस-सलामहून झांबियामार्गे कासुम्बालेसाच्या नाक्यातून माल घेतो. तेथून एका व्यापाऱ्याची चौकशी २०२१ मध्येच येऊन पडली होती. झांबिया समुदायात नसल्यामुळे काँगोच्या नव्या सदस्यत्वाचा या मार्गाला काही उपयोग नव्हता, आणि ज्याला नव्या बातमीची झळाळी नाही असा पर्याय बैठकीत मागे पडतो, तसा तो पडला.

निर्णय आणि कृती

सप्टेंबर २०२२ मध्ये चौथा पर्याय लहान प्रमाणात स्वीकारला गेला. अठ्ठेचाळीसऐवजी बारा यंत्रे, गोदामाची पावती कारखान्याच्या नावावर आणि वितरकाने विक्रीच्या दिवशी रक्कम पाठवायची, अशी अट घातली गेली. वितरक नाराज झाला. ‘बारा यंत्रांनी बाजार धरला जात नाही’ हा त्याचा निरोप पुतण्याने काकांना वाचून दाखवला, तेव्हा काकांनी ‘‘धरायला नको, आधी बघू दे’’ म्हणून विषय संपवला. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, आणि तो अभ्यासातून कमी व स्वभावातून जास्त आला.

त्याच सुमारास एक चूकही झाली. सुट्या भागांच्या पर्यायाची चाचणी घ्यावी असे पुतण्याला वाटत होते आणि मी हो म्हटले. किगालीतल्या कारागिरांना भाग अचूक जोडता यावेत म्हणून भोसरीत जोडणीची फिक्स्चर बनवली गेली; पोलादी चौकटी, त्यांवर खुणा, प्रत्येक बोल्टाची जागा ठरलेली. दहा यंत्रांचे भाग त्यासाठी वेगळे काढले. मी समुदायाचा करार वाचला होता, प्रवेशाचे निकष वाचले होते, दरपत्रक पाहिले होते; मालाचे मूळ ठरवण्याचे नियम मात्र सगळ्यांत शेवटी उघडले. त्यांत स्पष्ट आहे की आयात केलेले भाग नुसते जोडल्याने माल त्या देशाचा होत नाही. मालाचे रूप खरोखर बदलेल इतकी प्रक्रिया किंवा पुरेसे स्थानिक मूल्य त्यात यावे लागते. बोल्ट आवळणे त्यात बसत नाही. वितरकाने मार्च २०२३ मध्ये किगालीत चौकशी केली तेव्हा त्यालाही हेच उत्तर मिळाले. सांगाडा रवांडात कापून, वेल्डिंग करून बनवला तर विचार होऊ शकतो असे कळले. पण तेथे पोलादी पत्राही आयातच होतो, त्यामुळे तो विचार कागदावरच थांबला. फिक्स्चर बनवण्याआधी मी ती पाने वाचली असती तर खर्च टळला असता.

बारा यंत्रे फेब्रुवारी २०२३ मध्ये न्हावा शेव्याहून निघाली. लाकडी खोक्यांवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का होता, यंत्रांवरच्या पट्ट्या मात्र फक्त इंग्रजीत होत्या. गोम्याचा ग्राहक फ्रेंच आणि स्वाहिली वाचतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी ते यंत्रावर उतरवायचे कोणाला सुचले नव्हते. पुढच्या खेपेच्या वेळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीकडून वापराची पुस्तिका भाषांतरित करून घेतली गेली. तिने ‘जाळी’ या एका शब्दासाठी तीन वेळा फोन केला, आणि शेवटी कारखान्यात येऊन जाळी हातात घेऊन पाहिली तेव्हाच योग्य शब्द लिहिला.

काय घडले

पहिल्या बारा यंत्रांपैकी तीन रवांडातच विकली गेली. आठ यंत्रे गोमा आणि बुकावूच्या व्यापाऱ्यांनी किगालीत येऊन रोखीने घेतली आणि पुढचा प्रवास आपल्या जबाबदारीवर केला. त्यांनी ती सीमेपलीकडे कशी नेली याची आमच्याकडे कागदोपत्री नोंद नाही. वितरक सांगत असे की यंत्र सुटे करून, इंजिन वेगळे आणि सांगाडा वेगळा असे नेले जाते. थोडक्यात, काँगोशी व्यापार झाला, पण तो समुदायाच्या नियमांमुळे नव्हे, तर ते नियम नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीने झाला.

बारावे यंत्र मुद्दाम पूर्ण कागदपत्रांसह गोम्याला पाठवले. काँगोत जाणाऱ्या मालासाठी ‘फेरी’ नावाचे आयात-माहितीचे इलेक्ट्रॉनिक पत्रक आगाऊ नोंदवावे लागते आणि मालाची तपासणी निघण्यापूर्वी व्हावी लागते. आमचा माल तपासणीविना किगालीत येऊन पडला होता. ही पूर्तता करण्यात पाच आठवडे गेले. नाक्यावर यंत्राला लागलेले शुल्क कोणत्याही परदेशी मालाला लागते तेवढेच होते. अधिकाऱ्याने कागदावरील ‘मूळ देश : भारत’ या ओळीवर बोट ठेवले आणि तो बरोबर होता. सीमाशुल्क संघ पूर्ण लागू असता तरी आमचा माल भारतीयच राहिला असता. फरक इतकाच की एकदा सामायिक दराने शुल्क भरल्यावर पुन्हा भरावे लागले नसते.

या यंत्रानेच आम्हाला एक उपयोगाची गोष्ट शिकवली. ते चालू झाल्यावर ग्राहकाने पिठाचा फोटो पाठवला आणि पीठ जाडे पडते अशी तक्रार केली. यंत्र मक्यासाठी बनवलेले होते आणि तिथे त्यात कसावा हा कंद वाळवून दळला जात होता, ज्याच्या पिठाला बरीच बारीक जाळी लागते. काकांनी दुसऱ्याच आठवड्यात लहान भोकांची जाळी आणि थोडे जड हातोडे करून पाठवले. बाजारपेठेचा अभ्यास म्हणून जे काही आम्ही महिनोन्‌महिने केले होते, त्यात कसाव्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

२०२३ च्या शेवटी पुतण्याने स्वतःहून लुबुम्बाशीची जुनी चौकशी पुन्हा काढली. आधीच्या अनुभवामुळे ‘फेरी’ आणि तपासणी या वेळी माल निघण्याआधीच पूर्ण झाल्या. तीस टक्के आगाऊ आणि बाकीची रक्कम कागदपत्रे सोडवताना, असा व्यवहार ठरला; पैसे केनियाच्या बँकेच्या काँगोतील शाखेतून वळते झाले. आठ यंत्रांची पहिली खेप कासुम्बालेसाच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत दहा दिवस थांबली, पण पोहोचली आणि पूर्ण पैसे आले. पुढे दर पाच-सहा महिन्यांनी एक खेप जाऊ लागली. टांझानिया आणि काँगो दोघेही साडेकचे सदस्य, मार्ग झांबियातून. काँगो पूर्व आफ्रिकी समुदायात आलाच नसता तरी हा व्यापार झाला असता. एका गोष्टीत मात्र प्रवेशाचा हातभार मान्य करायला हवा. केनियाच्या बँका काँगोत गेल्या त्या हा प्रदेश एक होत आहे या अंदाजावरच, आणि ती शाखा नसती तर अनोळखी व्यापाऱ्याशी असा व्यवहार करण्याचे धैर्य काकांनी केले नसते.

किगालीचे गोदाम चालूच होते. २०२४ मध्ये पंधरा यंत्रांची दुसरी खेप गेली आणि वितरकाच्या आग्रहाने त्यांतील सहा यंत्रे गोम्यातील एका व्यापाऱ्याला साठ दिवसांच्या उधारीवर दिली गेली. ही अट पहिल्या कराराच्या विरुद्ध होती. दोन वर्षे सगळे सुरळीत चालल्यामुळे ती कोणाला खटकली नाही, मलाही नाही.

दरम्यान समुदायाचे स्वतःचे प्रयत्न सुरू होते. नोव्हेंबर २०२२ पासून त्याचे प्रादेशिक सैन्य पूर्व काँगोत आले. त्याने बंडखोरांशी लढावे अशी काँगोची अपेक्षा होती, सैन्याचा आदेश तसा नाही असे इतरांचे म्हणणे होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सैन्य परत गेले. त्याच्या जागी साडेकचे सैन्य आले, म्हणजे नव्या सदस्याने नव्या घरातला पाहुणा परत पाठवून जुन्या घरातला बोलावला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एम-२३ ने गोमा घेतले, फेब्रुवारीत बुकावू. समुदायाने तातडीने बोलावलेल्या शिखर बैठकीला काँगोचे राष्ट्राध्यक्ष उपस्थित राहिले नाहीत. गोम्यातील बँका बंद पडल्या आणि आमच्या व्यापाऱ्याचा फोनही.

गोम्यातील सहा यंत्रांपैकी दोघांचे पैसे काही महिन्यांनी किगालीतून रोखीने आले, चारांचे आलेले नाहीत. गोदामात तेव्हा आणखी चार यंत्रे होती. ती बाँडमध्ये आणि कारखान्याच्या नावावर असल्याने आणि भांडवली यंत्र म्हणून रवांडात शुल्क शून्य असल्याने, उन्हाळा संपेपर्यंत रवांडातील ग्राहकांना विकली गेली. अठ्ठेचाळीस यंत्रे उधारीवर पाठवली असती तर या परिच्छेदातील आकडे किती वेगळे असते, याचा हिशेब पुतण्याने एकदा कागदावर मांडला आणि तो कागद स्वतःच्या खणात ठेवला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे आधीच्या प्रवेशांकडे पाहणे. रवांडा आणि बुरुंडी हे दोन लहान, उत्सुक देश जुलै २००७ मध्ये समुदायाचे सदस्य झाले आणि सीमाशुल्क संघात २००९ मध्ये आले. त्यांनाही दोन वर्षे लागली. दक्षिण सुदानच्या बाबतीत तर सदस्यत्वाला सहा वर्षे उलटूनही नियमांची जुळवणी अपुरी होती आणि वर्गणी थकलेली होती. ही माहिती गुप्त नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ध्या दिवसात ती काढून काकांसमोर ठेवली असती तर ‘आधी कोण पोहोचतो’ ही घाईच उरली नसती, कारण पोहोचण्याची वेळ अजून बरीच दूर होती.

दुसरी गोष्ट क्रमाची. आम्ही करारापासून सुरुवात करून नाक्यापर्यंत आलो. नाक्यापासून सुरुवात करायला हवी होती. यंत्राचा वर्गीकरण-क्रमांक, त्यावर दोन्ही बाजूंना आज लागणारे शुल्क, लागणारी कागदपत्रे, मूळ ठरवण्याचा नियम, पैसे कोणत्या बँकेतून येणार, या पाच गोष्टी आधी लिहून काढल्या असत्या तर शुल्कमुक्तीचा मुद्दा आमच्यासाठी फारसा महत्त्वाचा नाही हे पहिल्याच आठवड्यात कळले असते. आमचा खरा खर्च वाहतूक, थांबलेला माल आणि बुडणारी उधारी यांत होता, आणि तो कोणत्याही सदस्यत्वाने लगेच कमी होणारा नव्हता.

पुतण्याचे मत इथे माझ्यापेक्षा वेगळे आहे आणि ते नोंदवायला हवे. त्याच्या मते किगालीचे गोदाम उघडले नसते तर कसाव्याची जाळी सुचली नसती, ‘फेरी’ची सवय झाली नसती आणि लुबुम्बाशीची पहिली खेपही गोम्याच्या यंत्रासारखीच अडकली असती, तेव्हा गोम्यात बुडालेले पैसे ही त्या शिकवणीची फी समजावी. हे म्हणणे मला निम्मे पटते. जाळीची शिकवण एका यंत्राने दिली होती. त्यासाठी सहा यंत्रे उधार देण्याची गरज नव्हती. उधारीचा निर्णय २०२४ मध्ये कोणीच निर्णय म्हणून घेतला नाही, तो नेहमीच्या पत्रव्यवहारात मिसळून गेला, आणि पहिल्या कराराची अट बदलताना काकांची सही घ्यायची असा साधा नियम असता तर तो थांबला असता.

सध्याची स्थिती

लुबुम्बाशीच्या खेपा चालू आहेत. किगालीचे गोदाम बंद केले, वितरकाशी संबंध मात्र पूर्वीच्या आगाऊ रकमेच्या अटीवर टिकून आहेत. जोडणीची फिक्स्चर भोसरीतच वापरात आली आहेत. लुबुम्बाशीला यंत्रे आता सुट्या भागांत जातात, ती केवळ कंटेनरमधल्या जागेसाठी, मूळ देशाच्या रकान्यात ‘भारत’ असेच लिहून.

४ मार्च २०२४ रोजी सोमालिया समुदायाचा आठवा सदस्य झाला, त्यानंतर काही महिन्यांनी मोंबासाच्या एका व्यापाऱ्याने मोगादिशूसाठी वीस यंत्रांचा प्रस्ताव पाठवला. पत्राची सुरुवात सोमालिया आता आपल्यातच आला आहे, या वाक्याने होती. पुतण्याने त्याला वर लिहिलेले पाच प्रश्न पाठवले. तीनची उत्तरे आली आहेत. नाक्यावर आज लागणारे शुल्क आणि पैसे येण्याची बँक, या दोहोंची यायची आहेत, आणि वीस यंत्रांचे उत्पादन अजून वेळापत्रकात घेतलेले नाही.